गाडीच्या सीटचा हीटर: आधी मोजावे, मग उसवावे

मिनेसोटात गाडीच्या सीटचा हीटर ही चैनीची वस्तू आहे असे म्हणणाऱ्या माणसाने बहुधा इथला एकही जानेवारी पाहिलेला नसतो. पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसच्याही खाली उतरणे इथे नवलाचे नाही, आणि अशा सकाळी गाडीच्या नेहमीच्या हीटरमधून ऊन हवा येण्यासाठी आधी इंजिन आणि त्यातले कूलंट तापावे लागते. ज्याचे कार्यालय दहा-बारा मिनिटांवर आहे, त्याच्या गाडीतली हवा धड ऊन होते तेव्हा गाडी पार्किंगमध्ये शिरत असते. सीटच्या हीटरला इंजिनाच्या उष्णतेशी काही देणेघेणे नसते. तो गाडीच्या विजेवर चालतो आणि काही मिनिटांतच पाठीला व मांड्यांना जाणवू लागतो. पुण्यातल्या नातेवाइकांना हे फोनवर समजावून सांगणे अवघड जाते, कारण तिकडे लोक सीटमधून गार हवा खेळवणाऱ्या गाड्यांसाठी जादा पैसे मोजतात आणि आम्ही बुडाखाली शेगडी हवी म्हणून तक्रार करतो.

आमची गाडी जुनी जपानी सेडान आहे. थंडी सुरू होता होता तिच्या चालकाच्या सीटचा हीटर बंद पडला. बटणावरचा दिवा लागे, पण सीट गारच राही. डीलरच्या सर्व्हिस विभागाने दिलेला अंदाज सातशे डॉलरच्या पुढे गेला, आणि त्यात निदानाचे शुल्क वेगळे होते. सुटा भाग, म्हणजे तारा शिवलेली हीटरची गादी, त्या रकमेचा लहानसा हिस्सा होती. बाकीची सारी मजुरी. सीट काढणे, तिचे कव्हर उतरवणे, गादी बदलणे आणि सगळे पुन्हा बसवणे याला खरोखरच वेळ लागतो, त्यामुळे हा आकडा लुबाडणुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मात्र आमच्या गाडीच्या आजच्या किमतीकडे पाहता तेवढा खर्च करणे शहाणपणाचे नव्हते, आणि ज्या कामात बहुतांश पैसा मजुरीचा असतो ते काम घरी करून पाहण्यासारखे असते.

हे तंत्र फार जुने आणि मुळात फार साधे आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६६ मध्ये तापणाऱ्या सीटा जादा पैशांत देऊ केल्या होत्या, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या ९९ या गाडीत त्या आणल्यावर त्यांचा खऱ्या अर्थाने प्रसार झाला. त्यानंतर नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स बदलली, तारेच्या जागी काही ठिकाणी कार्बन तंतू आले, पण मूळ रचना तीच राहिली: ठरावीक रोधाच्या, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणाऱ्या, तारेतून वीज जाते, तार तापते, आणि तापमान मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून मध्ये एक पहारेकरी बसवलेला असतो. इतक्या साध्या गोष्टीसाठी बीएमडब्ल्यूने २०२२ च्या सुमारास काही देशांत मासिक वर्गणी मागून पाहिली आणि २०२३ मध्ये तो नाद सोडला, यावरून लोकांना हा हीटर आपल्या हक्काचा वाटतो एवढे नक्की कळते.

दुरुस्तीत उतरण्यापूर्वी सीटमध्ये नेमके काय असते ते डोळ्यांसमोर असावे. बैठकीच्या फोमवर एक आणि पाठीच्या फोमवर एक अशा दोन पातळ गाद्या कव्हरच्या आत असतात. प्रत्येक गादीत नागमोडी वळणांनी बसवलेली रोधक तार असते. बैठकीच्या गादीत तापमान ओळखणारा थर्मिस्टर असतो, किंवा जुन्या गाड्यांत तापल्यावर विजेचे मंडल आपोआप तोडणारा थर्मोस्टॅट असतो. सीटच्या खाली एक कनेक्टर असतो, आणि तिथून तारा बटण, रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा नियंत्रक आणि शेवटी फ्यूजपर्यंत जातात. काही गाड्यांत दोन्ही गाद्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणजे एक गेली तरी दुसरी तापत राहते. आमच्या गाडीत त्या एकसरीत आहेत, म्हणजे दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी गत. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात. त्यामुळे पाठ आणि बैठक दोन्ही गार आहेत एवढ्यावरून दोन्ही गाद्या गेल्या असे समजून दोन्हींची ऑर्डर देणे हा पैसे वाया घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

माझ्या मते काटकसर खरी होते ती इथे, मोजणीत. स्वस्तातला पण कामाचा मल्टीमीटर, म्हणजे विजेचा दाब आणि रोध मोजणारे यंत्र, वीसेक डॉलरला मिळतो आणि तो नसताना केलेली कोणतीही खरेदी जुगारच असते. कोणी सांगतो बटण जाते, कोणी सांगतो रिले जातो, कोणी थेट नियंत्रकच बदलायला सांगतो, आणि प्रत्येकाच्या गाडीत त्याचे म्हणणे खरे ठरलेले असते. आपल्या गाडीत काय बिघडले आहे ते मात्र आपल्या गाडीच्या तारांनाच विचारावे लागते.

सुरुवात फ्यूजपासून करावी, कारण ते पाहायला काही लागत नाही. आमच्याकडे शेजारच्या सीटचा हीटर चालू होता आणि गाडीच्या पुस्तिकेतील तक्त्यानुसार दोन्ही सीटांना एकच फ्यूज होता, म्हणून तो चांगला आहे हे बॉनेट न उघडताच कळले. त्यानंतर सीटच्या खालचा हीटरचा कनेक्टर. तो ओळखताना आणि हाताळताना पिवळ्या रंगाच्या कनेक्टरपासून दूर राहावे. तो सीटच्या बाजूला बसवलेल्या एअरबॅगचा असतो, आणि त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. मिनेसोटात रस्त्यांवर मीठ टाकतात, बुटांबरोबर ते खारे पाणी गाडीत येते आणि सीटखालच्या गालिच्यात मुरते. त्यामुळे कनेक्टरच्या पिना हिरवट पडून संपर्क तुटलेला असणे अगदी शक्य असते, आणि तसे असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यावर सारी दुरुस्ती आटोपते. आमच्या पिना स्वच्छ होत्या.

पुढची पायरी म्हणजे गाडीकडून येणारी वीज पाहणे. इंजिन चालू ठेवून, बटण दाबून, सोडवलेल्या कनेक्टरच्या गाडीकडच्या अर्ध्या भागात साडेतेरा व्होल्टच्या आसपास दाब मिळाला, म्हणजे फ्यूज, बटण आणि रिले हे तिन्ही एका मोजणीत निर्दोष सुटले. काही गाड्यांत मात्र नियंत्रक आधी गादीचा रोध तपासतो आणि मंडल तुटलेले दिसले की वीज सोडतच नाही. तिथे बटणावरचा दिवा क्षणभर लागून विझतो आणि व्होल्ट दिसत नाहीत म्हणून नियंत्रकच गेला असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. अशा गाडीत सीटकडच्या अर्ध्या भागाची मोजणी आधी करावी.

आता गाडी बंद करून कनेक्टरच्या सीटकडच्या अर्ध्या भागावर रोध मोजायचा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी स्वस्त मीटर वापरणाऱ्याने विसरू नये: मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवल्या तरी तो शून्य दाखवत नाही, ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवतो, कारण तेवढा रोध त्याच्या स्वतःच्या तारांचा असतो. हजारो ओहम मोजताना याने काही बिघडत नाही, पण सीटच्या हीटरचा एकूण रोधच दोन-चार ओहम असतो. तिथे हा फरक दखल घेण्याजोगा ठरतो, आणि तो प्रत्येक मोजणीतून वजा करावा लागतो. आमच्या सीटचा एकूण रोध अमर्याद निघाला, म्हणजे तार कुठेतरी तुटली होती. सीटच्या मागच्या बाजूची चेन उघडून बैठक आणि पाठ यांच्यामधला जोड सोडवला आणि दोन्ही गाद्या वेगवेगळ्या मोजल्या. पाठीची गादी १.४ ओहम, अगदी ठणठणीत. बैठकीची गादी तुटलेली. थर्मिस्टरही लगे हात तपासला. अशा थर्मिस्टरांचा रोध पंचवीस अंशांना दहा हजार ओहमच्या आसपास असणे सामान्य आहे, थंडीत तो वाढतो आणि ऊब लागली की उतरतो. सीटवर हात दाबून धरल्यावर मीटरवरचा आकडा हळूहळू उतरू लागला, एवढा पुरावा मला पुरेसा होता.

या टप्प्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलेला उपाय वरवर फार आकर्षक होता: बैठकीची गादी तुटली आहे ना, मग तिला वगळून दोन तारा एकमेकींना जोडून टाकाव्यात, निदान पाठ तरी तापेल. खर्च शून्य. हा उपाय इतका सर्रास सांगितला जातो की त्यात काय धोका आहे हे आकड्यांनी दाखवणे मला गरजेचे वाटते. बैठकीची गादी धडधाकट असताना तिचा रोध साधारण १.६ ओहम होता असे धरू, पाठीचे १.४ मिळून एकूण ३ ओहम. साडेतेरा व्होल्टवर ओहमच्या नियमाने साडेचार अँपिअर प्रवाह वाहतो आणि पाठीच्या गादीच्या वाट्याला सुमारे २८ वॅट येतात. बैठक वगळली की मंडलात उरतात फक्त १.४ ओहम, प्रवाह साडेनऊ अँपिअरच्या पुढे जातो आणि पाठीच्या त्याच गादीत १३० वॅट ओतले जातात, म्हणजे मूळच्या साडेचार पटींहून अधिक. पंधरा अँपिअरचा फ्यूज याला हरकत घेणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे मर्यादेत आहे. आणि सर्वांत वाईट भाग असा की तापमान पाहणारा थर्मिस्टर बैठकीत बसलेला आहे. बैठकीतली तार तापतच नाही, तेव्हा नियंत्रकाला सीट अजून गारच आहे असे वाटत राहते आणि तो पाठीला वीज पुरवत राहतो. रक्षणाच्या दोन्ही व्यवस्था जागच्या जागी असूनही त्यांतली एकही उपयोगाला येत नाही. गादी समांतर जोडणीतली असेल तर तुटलेली बाजू नुसती सोडून दिली तरी चालते. एकसरीतली असेल तर हा उपाय मनातूनही काढून टाकावा.

सीट गाडीतून बाहेर काढावीच लागते. तिच्या बाजूला एअरबॅग असल्यामुळे या कामाचा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे. गाडी बंद करावी, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. तो वेळ काही गाड्यांत दीड मिनिट, काहींत तीन मिनिटे आणि काहींत त्याहून बराच जास्त असतो. थांबण्याचे कारण असे की अपघातात बॅटरीची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये वीज साठवलेली असते, आणि ती निचरायला वेळ लागतो. इथल्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते, म्हणून पिवळ्या कनेक्टरला स्पर्श करण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. त्या कनेक्टरला मल्टीमीटर लावून रोध मोजण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये, कारण मीटर स्वतःच्या बॅटरीतून थोडी वीज सोडतो आणि एअरबॅग उघडायला तेवढी पुरू शकते. सीट बाहेर असताना इग्निशनही चालू करू नये. तसे केल्यास एअरबॅगचा इशारा देणारा दिवा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो काढण्यासाठी वेगळे स्कॅनर लागते.

सीट चार बोल्टांवर उभी असते. बॅटरी सोडवण्याआधी, वीज असतानाच, ती पुढे-मागे सरकवून चारही बोल्टांपर्यंत पाना पोहोचेल अशी सोय करावी, विशेषतः सीट विजेवर सरकणारी असेल तर. बोल्ट पुन्हा घट्ट करताना टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, हवा, कारण अपघातात माणसाला धरून ठेवणारे हे बोल्ट आहेत आणि ते अंदाजाने आवळणे योग्य नाही. तो विकत घेण्याची गरज नसते. ऑटोझोन, ओरायली यांच्यासारख्या सुट्या भागांच्या दुकानांत अनामत रक्कम ठेवून अशी हत्यारे घरी नेता येतात आणि परत केल्यावर पैसे मिळतात. भारतातून नव्याने आलेल्या लोकांना ही सोय अनेकदा माहीत नसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सीट वजनदार असते आणि तिच्या रुळांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे उचलायला दुसरा माणूस हवा आणि दाराच्या चौकटीवर जुनी गोधडी टाकावी. गारठलेल्या गॅरेजमध्ये लेदर आणि प्लॅस्टिक दोन्ही कडक झालेले असतात, कव्हर उतरवताना तडकतात, म्हणून मी सीट रात्रभर दिवाणखान्यात ठेवली. घरातल्यांनी त्यावर बसून पाहण्याची हौस पुरेपूर भागवून घेतली.

कव्हर उतरवणे हे काम अवघड कमी आणि चिकाटीचे जास्त आहे. बैठकीच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकच्या आकड्यासारख्या पट्ट्या असतात, त्या सांगाड्याच्या ओठाला अडकवलेल्या असतात आणि खाली दाबून वळवल्या की सुटतात. त्यानंतर कव्हर वर उलटत नेले की फोमच्या खाचांमध्ये त्याला धरून ठेवणाऱ्या लहान लोखंडी कड्या दिसतात. या कड्या पक्कडीने कापाव्या लागतात आणि त्या पुन्हा वापरता येत नाहीत. नव्या कड्या आणि त्यांची खास पक्कड मिळते, पण त्याऐवजी पातळ केबल टाय वापरले तरी कव्हर तितकेच घट्ट बसते. फक्त गाठ खाली वळवावी आणि शेपूट सपाट कापावे, नाहीतर ती टोके बसणाऱ्याला टोचतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे हे सांगायला नको.

गादी दिसू लागल्यावर तुटलेली जागा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. चालकाच्या सीटचा दाराकडचा उंचवटा रोज चढता-उतरताना दबतो, आणि हिवाळ्यात जाड कोट घातलेला माणूस त्यावरून अक्षरशः घसरत आत जातो. सीटवर गुडघा टेकवून मागच्या बाजूचे सामान ओढणे किंवा मागे बसलेल्या मुलाचा पट्टा लावणे हेही तारेच्या मुळावर येते, कारण सगळे वजन हाताएवढ्या जागेवर पडते. पुस्तिकेत सीटवर गुडघे टेकू नका असे लिहिलेले असते ते याचसाठी. नजरेला काळपट डाग किंवा वितळल्यासारखी जागा दिसली तर काम सोपे होते. दिसली नाही तर शिवणाची सुई कामी येते. मीटर बझरवर ठेवून त्याची एक सळी तारेच्या एका टोकाला चिमट्याने पक्की करावी, दुसऱ्या सळीला सुई जोडावी आणि तारेच्या साधारण मध्यावर आवरण भेदून ती आतल्या धातूला टेकवावी. बझर वाजला तर तिथपर्यंत तार सलग आहे, तुटलेली जागा पुढच्या अर्ध्या भागात आहे. वाजला नाही तर मागच्या अर्ध्या भागात. मग त्या अर्ध्या भागाचा मध्य. दर वेळी शोधाची लांबी निम्मी होत जाते आणि काही मीटर लांबीच्या तारेत बोटाच्या पेराएवढ्या जागेवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. आमची तार दाराकडच्या उंचवट्याच्या पुढच्या वळणावर तुटली होती आणि तिच्या दोन्ही टोकांशी जेमतेम दोन सेंटिमीटर भाग करपलेला होता.

जोड कसा द्यावा यावर मतभेद पुष्कळ आहेत, पण या जागेपुरते माझे मत ठाम आहे: सोल्डर नको, दाबून बसवायची तांब्याची नळी हवी. सोल्डर वितळून तारेच्या बारीक धाग्यांमध्ये शोषले जाते आणि तो तुकडा काडीसारखा ताठ होतो. रोज वाकणाऱ्या ठिकाणी तार मग त्या ताठ भागाच्या कडेलाच पुन्हा तुटते. शिवाय काही रोधक मिश्रधातूंना साधे सोल्डर नीट धरत नाही आणि कार्बन तंतूंना तर धरतच नाही. नळीचा जोड मात्र चांगल्या पक्कडीने, योग्य मापाच्या खाचेत, पक्का दाबलेला हवा. सैल जोडाचा रोध जास्त असतो आणि सगळी उष्णता त्या एका ठिपक्यावर निर्माण होते, तेव्हा वाईट जोड हा जोड नसण्यापेक्षा अधिक धोकादायक. करपलेला भाग मी पूर्ण कापून टाकला, आणि उरलेली टोके ओढून जुळवण्याऐवजी मध्ये तेवढ्याच जाडीच्या लवचिक तांब्याच्या तारेचा लहान तुकडा घातला, म्हणजे वळणावर ताण येत नाही. काही मीटर रोधक तारेतले दोन सेंटिमीटर कमी झाल्याने एकूण रोधात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दीड-दोन फूट तार कापून काढावी लागेल इतकी ती जळालेली असती, तर मात्र मी दुरुस्तीचा विचार सोडून नवी गादी घेतली असती, कारण तार आखूड झाली की रोध घटतो आणि उरलेली तार अधिक तापते. जोडावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवली आणि त्यावर गाड्यांच्या वायरिंगला गुंडाळतात ती कापडी पट्टी सपाट लावली.

पुन्हा मोजणी: बैठकीची गादी १.६ ओहम, हलवली, वाकवली तरी आकडा स्थिर. वाकवल्यावर आकडा नाचला असता तर जोड उघडून पुन्हा केला असता.

कव्हर घालण्यापूर्वी चाचणी घेणे अपरिहार्य आहे. दोन्ही गाद्या मूळच्या पद्धतीने एकसरीत जोडून, मध्ये फ्यूज ठेवून, बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्या थोडा वेळ चालवल्या. या चाचणीत नियंत्रक नसतो, म्हणून तापमानावर आपल्यालाच पहारा द्यावा लागतो; गादी दुमडलेली नसावी, तिच्यावर उशी-पांघरूण काही नसावे, आणि खोली सोडून जाऊ नये. पंधरा-वीस डॉलरच्या इन्फ्रारेड तापमापकाने जोडाची जागा आणि तिच्या आजूबाजूची तार यांची तुलना केली. जोड आसपासच्या तारेपेक्षा किंचित गारच निघाला, आणि तसाच तो असायला हवा, कारण तांब्याच्या तुकड्यात उष्णता जवळजवळ निर्माण होतच नाही. जोड जास्त ऊन लागला असता तर तो सदोष होता असे समजावे लागले असते.

दुरुस्तीऐवजी बदल करायचा असेल तर स्वस्त पर्याय दोन आहेत. भंगार गाड्यांच्या आवारातून त्याच मॉडेलची गादी मिळू शकते, पण ती फोमला चिकटवलेली असेल तर उचकटताना फाटते, म्हणून फोमसकट घेणे बरे. दुसरा पर्याय कोणत्याही सीटला चालणाऱ्या कार्बन तंतूंच्या गाद्यांचा. त्यांचा संच चाळीस-साठ डॉलरपर्यंत मिळतो. त्यांत स्वतःचे बटण, रिले आणि वायरिंग येते, गाडीचे मूळ बटण बहुधा निरुपयोगी होते, आणि तापमानावर त्यांचे नियंत्रण मूळ व्यवस्थेइतके काटेकोर असेलच असे नाही. जुन्या गाडीत मुळात हीटरच नसेल तर हा संच चांगला. मूळ हीटर दुरुस्त होण्याजोगा असेल तर मी या संचाच्या वाटेला जाणार नाही. चालकाशेजारच्या सीटच्या बाबतीत तर माझा सल्ला आणखी सावध आहे. अमेरिकेतल्या साधारण २००६ नंतरच्या गाड्यांत त्या सीटवर मोठा माणूस बसला आहे की लहान मूल हे ओळखून एअरबॅग चालू-बंद ठेवण्याची व्यवस्था असते, आणि अनेक गाड्यांत तिचा संवेदक बैठकीतच असतो. तिथे फोम हलवला, जाड गादी घातली किंवा कव्हर वेगळ्या ताणाने बसवले तर वजनाचा अंदाज बिघडू शकतो. त्या सीटसाठी मी पैसे मोजेन.

भाजण्याच्या धोक्याविषयी आपल्या लोकांनी विशेष सावध असावे असे मला वाटते. त्वचा ४४ अंशांच्या स्पर्शाने लगेच पोळत नाही, पण तो संपर्क कित्येक तास सलग राहिला तर पोळू शकते, आणि तापमान एकेक अंशाने वाढत जाते तसा हा वेळ झपाट्याने घटतो. धडधाकट माणसाला चटका जाणवतो आणि तो बटण बंद करतो. ज्यांना दीर्घकाळच्या मधुमेहामुळे पायांत, मांड्यांत बधिरपणा आहे त्यांना तो जाणवेलच असे नाही. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे भेटीला आले की आपण प्रेमाने त्यांच्या सीटचा हीटर सर्वांत वरच्या पातळीवर लावतो आणि लांबच्या प्रवासाला निघतो. तो खालच्या पातळीवर लावावा आणि थोड्या वेळाने बंद करावा. घरी दुरुस्त केलेल्या सीटवर त्यांना बसवण्यापूर्वी तर तिचे तापमान मोजलेले असलेच पाहिजे.

सीट परत बसवताना आधी सगळे कनेक्टर, पिवळ्यासह, टचकन आवाज येईपर्यंत बसवले, बोल्ट पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळले आणि सर्वांत शेवटी बॅटरी जोडली. एअरबॅगचा दिवा नेहमीप्रमाणे काही सेकंद लागून विझला. घड्याळ आणि खिडकीची एका स्पर्शात वर जाण्याची सोय पुन्हा जुळवावी लागली, एवढाच बॅटरी सोडवल्याचा त्रास. मग सीट कव्हरसह वरच्या पातळीवर वीस मिनिटे चालवून, बसणाऱ्याच्या जागी घडी घातलेला जाड टॉवेल ठेवून, त्याखालचे तापमान पाहिले; ते चाळिशीच्या थोडे खाली स्थिरावले आणि नियंत्रक वीज आलटून पालटून बंद-चालू करत असल्याचे मीटरवर दिसले.

तांब्याच्या नळ्या, आकसणारी नळी, कापडी पट्टी आणि केबल टाय यांचा खर्च पंचवीस डॉलरच्या आत राहिला. मीटर आणि तापमापक धरले तर साठच्या आसपास, पण ती हत्यारे घरात राहणार आहेत. टॉर्क पान्याची अनामत परत मिळाली. दोन्ही गाद्यांचे रोध, थर्मिस्टरचा खोलीच्या तापमानाला मोजलेला आकडा आणि एकसरीतल्या जोडणीचे छोटे रेखाचित्र मी एका कागदावर लिहून फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे, म्हणजे पुढे कधी हा हीटर बंद पडला तर सीट न काढता, खालच्या कनेक्टरवरच्या मोजणीवरून, बिघाड सीटमध्ये आहे की तिच्या बाहेर हे ताडता येईल.